रंभाच्या डोळ्यातली खाच

मी एक जुना स्लिट लॅम्प आहे. मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात ज्याच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला सांगतात, तो मीच. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात माझा केवढा तोरा होता! नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून शिरूरच्या डॉक्टर अनुपमाबाईंनी मला आणलं. आता माझे स्क्रू कुरकुरतात, पण उजेड अजून लख्ख आहे.

एका बाजारच्या दिवशी वरवंडची रंभा माझ्यासमोर बसली. तिला डाव्या डोळ्याने कधी दिसलंच नव्हतं. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्या डोळ्याची बाहुली जन्मापासून गोल नव्हती. खालून खाच पडलेली, कुलपाच्या भोकासारखी.

"असा डोळा आतून नाजूक असतो," अनुपमाबाई म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये नजर जाऊही शकते. नाही केलं तर हळूहळू जाणारच आहे."

"करा बाई," रंभा म्हणाली. "लेकराचं त्वांडबी दिसंना मला."

तिची आई कस्तुराबाई दारातच थबकली होती. "माझंच पाप हाय ते. ही पोटात व्हती आन् गिरान लागल्यालं. मी इळीवर भोपळा चिरला. सासू म्हनली, तूच पोरीचा डोळा चिरलास."

"मावशी, ग्रहणाचा काही संबंध नाही. पोटात डोळा घडताना खालची फट मिटायची राहून गेली."

म्हातारीने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी ती फाटकाबाहेरच बसून राहिली. आपली सावली लेकीवर पडायला नको म्हणे! आत फार वेळ लागला. मला अंधाऱ्या खोलीत काही कळेना, माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. नजर वाचली होती. पुरती नाही, कारण आतल्या पडद्यालाही तीच खाच होती. पण समोरचं माणूस ओळखू येत होतं. अनुपमाबाईंनी कस्तुराबाईला हाताला धरून आत आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या भिंगांतून लेकीचा डोळा बघायला सांगितलं.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"ह्या खाचंच्या कडा किती गुळगुळीत हायेत," ती पुटपुटली. "इळीची चीर अशी नसती." मग ती ढसाढसा रडली. "सासू तर मरून गेली. आता कुनाला दावू मी?"

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला झाकून ठेवा, एवढंच माझं मागणं असायचं. आता आणखी एक आहे. कुणाच्या आईला बोल लावण्याआधी नीट बघून घ्या. कस्तुराबाईला हे दाखवायला आपण फार उशीर केला.