मला धरणारे हात

मित्रांनो, मी एक जुना पितळी पटर आहे. पटर म्हणजे गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात बुटकी काठी. माझ्या बाकीच्या भावंडांचं काम चेंडू लांब उडवायचं. त्यांचा थाट मोठा, आवाजही मोठा, आणि त्यांनी चेंडू झाडीत घालवला तरी लोक म्हणतात, वा, काय लांब गेला! माझं काम शेवटचं. चेंडू हिरवळीवर येऊन थांबला, खळगी चार पावलांवर दिसायला लागली, की मला बाहेर काढतात आणि चेंडू हळूच आत ढकलायला सांगतात. तिथे मी चुकलो की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला नको. मी भित्रा आहे. जन्मापासून नव्हतो, नंतर झालो. का झालो, तेच तुम्हाला सांगायचं आहे. बसता मला येत नाही, तेव्हा दाराशेजारच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभा राहूनच सांगतो.

माझा जन्म ओतकामाच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळ वितळवून साच्यात ओतलं, गार झाल्यावर एका कारागिराने मला कानशीने घासलं आणि डोळ्यासमोर धरून माझी कड सरळ आहे ना ते पाहिलं. मग पोलादी दांडा बसला आणि दांड्याच्या टोकाला कातड्याची पट्टी गुंडाळून मूठ तयार झाली. ही मूठ म्हणजेच माझे डोळे आणि माझं नाक. मी माणसं ओळखतो ती तळहातावरून. चेहऱ्याने माणूस काहीही लपवू शकतो, पण मला धरल्यावर त्याला काही लपवता येत नाही.

माझे पहिले मालक आबा. ते दातांचे डॉक्टर होते. त्यांचा हात कोरडा, गार, आणि त्याला कायम लवंगेच्या तेलाचा वास. दात काढताना पेशंटला कळायचंसुद्धा नाही म्हणे, इतका तो हात हलका होता. हिरवळीवरही तसाच. आबांनी मला हातात घेतलं की समोरचे मित्र खिशातून चेंडू काढून पुढच्या खेळाच्या तयारीला लागायचे, कारण हा आत जाणारच हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं असायचं. काय ते दिवस होते! दर रविवारी घरी आल्यावर आबा मला मऊ फडक्याने पुसायचे आणि मी ऐटीत चमकायचो.

मग एका सकाळी आबा हिरवळीच्या कडेला पाळीची वाट पाहत उभे होते. मला त्यांनी नुसतं सैल धरलं होतं. अचानक त्यांच्या उजव्या अंगठ्यात काहीतरी हललं. थांबलं. पुन्हा हललं.

मित्रांनो, हाताची थरथर मला नवी नव्हती. घाबरलेला माणूस चेंडू मारायच्या क्षणी थरथरतो, ती भीतीची थरथर. सगळ्यांनाच होते आणि चेंडू गेला की तीही जाते. ही तशी नव्हती. मारताना हात स्थिर होता. तो निवांत असताना हलत होता, जणू आत कुणीतरी गोळी वळत बसलं होतं. हे मला कळलं होतं, आबांना कळलं नव्हतं आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

पुढे सगळ्यांना कळलं, पण फार वाईट रीतीने. दवाखान्यात दात कोरताना आबांचा हात सटकला आणि एका बाईंचा ओठ फाटला. आबांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं, हात धुतले आणि पुन्हा त्या खुर्चीपाशी गेले नाहीत. नव्यानेच डॉक्टर झालेला त्यांचा मुलगा तेव्हा शेजारीच उभा होता. आजाराचं नाव कंपवात, हे मी घरातल्या कुजबुजीतून ऐकलं. मला छत्र्यांमध्ये उभं केलं गेलं. ओल्या छत्र्यांचं पाणी अंगावर गळून मी काळा पडलो. आबा गेले, तेव्हाही मी तिथेच होतो.

मुलाला माझी आठवण झाली ती पुष्कळ वर्षांनी. त्याने मला लिंबाने घासून चकचकीत केलं आणि मूठ नवी केली. त्याचे केस पांढरे झाले तरी पेशंट त्याला अजून धाकटे डॉक्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. खेळाडू म्हणून ते आबांच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण उत्साह दांडगा. वर्षातले काही महिने गवताला विश्रांती म्हणून मैदान बंद असतं. त्या काळात जिने चढणं, पाठीचे व्यायाम, गच्चीवर हवेत काठी फिरवणं, असं त्यांचं सगळं साग्रसंगीत चालतं. पेशंट गेले की दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माझा सराव. आणि येत्या हंगामात काय काय करायचं त्याच्या घोषणा सकाळी चहाच्या वेळी. त्या ऐकायला समोर त्यांची बायको. त्या शाळेत भूगोल शिकवतात. मी त्यांना बाई म्हणतो. दरवर्षी त्या सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, यात घरातला पंखा पुसणं कुठे बसतं का?

या वर्षी मात्र घोषणा एकच होती. हातभर अंतरावरचा एकही चेंडू चुकवायचा नाही, बाकी काही नको. बाई हसल्या. म्हणाल्या, वय झालं, स्वप्नंही आटली. डॉक्टर हसले नाहीत. ज्या वयात आबांचा अंगठा हलायला लागला, त्या वयाला ते आता पोचले होते. त्यांना चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. मला हातात धरून ते स्वतःचा हात तपासत होते.

आणि ते कुणाला दिसू नये म्हणून सराव दवाखान्यातून हलला. तिथली मदतनीस आबांच्या वेळची, तिची नजर फार बारीक. म्हणून घरातल्या बोळात हिरवी पट्टी अंथरली, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला. पहिला चेंडू पेल्याच्या डावीकडून गेला. दुसराही डावीकडून. डॉक्टरांनी फरशीकडे पाहिलं नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं.

अहो, चेंडू माझ्यापासून सरळ निघत होता! पुढे जाऊन तो वळत होता. हे मला स्वच्छ कळत होतं, पण पटरला विचारतो कोण? डॉक्टरांनी महिनोन्‌महिने मनगट थोडं उजवीकडे ढकलायची सवय लावून घेतली, आणि चेंडू पेल्यात पडायला लागले. तेवढ्यापुरता त्यांच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. दोन चेंडूंच्या मध्ये ते नुसते उभे राहिले की मी त्यांच्या अंगठ्याचा कानोसा घ्यायचो. आज नाही. आजही नाही. दर संध्याकाळी मी असा एकेक दिवस पुढे ढकलत होतो.

मैदान उघडलं. पहिल्याच हिरवळीवर हातभर अंतरावरचा चेंडू खळगीच्या उजवीकडून निघून गेला. नंतरचाही उजवीकडून. मित्रांनी चेष्टा केली, चष्मा बदला म्हणाले. डॉक्टरांचा तळवा घामाने असा ओला झाला की मी निसटतो की काय असं वाटलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मग बोळातल्या फोनवर मी ऐकलं, की अवघड दात असलेले पेशंट ते दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला लागलेत. बाईंना मात्र म्हणाले, सध्या गर्दीच कमी आहे.

मग त्यांनी नवा पटर आणला, काळा, जाडजूड. मी पुन्हा छत्र्यांमध्ये. तोच स्टँड. माझं धाबं दणाणलं, खोटं कशाला बोलू? पण चार दिवसांनी तो नवाही मान खाली घालून परत आला. त्यानेही सगळे उजवीकडेच घालवले होते. आता दोष द्यायला पटरही उरला नव्हता. त्या दुपारी, बाई शाळेत असताना, डॉक्टरांनी हलक्या आवाजात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

त्या भेटीच्या आदल्या दिवशी बाईंना सुट्टी होती. त्यांनी बोळातली हिरवी पट्टी गुंडाळून ठेवली आणि फरशी धुवायला काढली. डॉक्टर आले, त्यांनी मला स्टँडमधून काढलं आणि कडेला उभे राहिले. कशासाठी, कोण जाणे. बाईंनी बादली ओतली. पाणी सरळ न जाता तिरकं होऊन डावीकडच्या न्हाणीघराच्या दाराकडे निघालं.

डॉक्टर बघतच राहिले. त्यांनी खिशातला चेंडू फरशीवर ठेवला. चेंडू कुणी हात न लावता पाण्यामागे चालायला लागला.

“हे असं कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“घर बांधल्यापासून. गवंड्याने उतार दिलाय, पुसायला सोपं जातं,” बाई म्हणाल्या. “पाणी उताराकडे वाहतं, हे मी पाचवीच्या पोरांना शिकवते.”

डॉक्टर ओल्या फरशीवरच बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, आबांचं वय, हंगामाची घोषणा, पाठवून दिलेले पेशंट, उद्याची वेळ. बाईंना राग आला. एवढं एकट्याने उरावर घेऊन फिरत होतात, मी काय शेजारीण आहे का, असं म्हणाल्या. डॉक्टर उठले, मला सैल धरून उभे राहिले आणि म्हणाले, आता उद्याची वेळ रद्द करून टाकतो. हात ठणठणीत आहे, फरशी वाकडी आहे.

आणि त्याच क्षणी त्यांचा अंगठा हलला.

थांबला. पुन्हा हलला. निवांत हातात, आत कुणीतरी गोळी वळत बसावं तसा. नको, नको, असं मी माझ्या सगळ्या पितळानिशी म्हणत होतो. डॉक्टरांना पत्ता नव्हता. ते आनंदात होते, आणि आनंदात माणूस हाताकडे बघत नाही. आबांच्या वेळी मी असाच गप्प होतो. या वेळीही गप्पच राहणार होतो, कारण मला दुसरं काही येत नाही.

डॉक्टर बाईंना म्हणाले, ये, तुला दाखवतो, एकदा तरी मारून बघ. इतक्या वर्षांत बाईंनी मला फक्त छत्री काढताना बाजूला सारलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि डॉक्टरांच्या हातांवरून माझी मूठ धरली. डॉक्टर हात सैल सोडून थांबले. मी मनात म्हटलं, बाई, जरा वेळ सोडू नका. एवढंच करा.

अंगठा हलला.

बाईंचा हात दचकला, पण त्यांनी तो काढला नाही. उलट घट्ट केला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “उद्याची वेळ रद्द करू नका.”

“अगं, तो फरशीचा उतार होता.”

“होता ना. तरी जाऊ. मी रजा टाकते.”

डॉक्टरांनी तेव्हा स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. त्यांचा तळवा गार पडत गेला, पण वरचा बाईंचा हात गरम होता. त्या दोन हातांखाली मी उभा होतो, जीव मुठीत धरून.

आज सकाळी ते दोघं गेले आहेत. तपासणीत काय निघेल, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते आहे, भारी भीती वाटते आहे. पण आबांच्या वेळी कुणाचा तरी ओठ फाटेपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं. या वेळी आधी कळलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा, पुसत चला. मी तसं म्हणणार नाही. मी काळा पडलो तरी चालेल. पण तुमच्या घरात जे हात रोज तुमच्यासाठी राबतात, ते कधीतरी काही काम नसताना, नुसते, आपल्या हातात घेऊन बसा. घाई करू नका. घाईत हात काही सांगत नाहीत.

दुपार होत आली. जिन्यावर पावलं वाजली, पण ती वरच्या मजल्यावर गेली. ते दोघं अजून आलेले नाहीत. मी दाराकडे कान लावून उभा आहे.