दोरी आणि डबा

परसात पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीमहाराज आले होते! गल्लीत ज्या ज्या खुराड्याला त्यांनी मंतरलेली दोरी बांधली, तिथले उंदीर नाहीसे झाले होते. आज पत्र्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याची पाळी होती. पिल्लं फाडून उंदरांनी त्याचं खुराडं निम्मं रिकामं केलं होतं.

महाराजांनी डोळे मिटले, अंगाला झटका दिला. "इथे एक बाई आहे. कोंबड्यांत जीव अडकलाय तिचा. तीच पाठवते उंदीर!"

"खरंच की!" शेजारीण म्हणाली. "भावजी, वहिनी गेल्या आणि उंदीर आले. आधी एक तरी दिसायचा का?"

लेकीने पदर डोळ्यांना लावला. "अण्णा, बांधून घ्या ना. आईला सुटू दे."

म्हाताऱ्याच्या काळजात सुरी फिरली. जिने मुंगीला पाय लावला नाही, ती उंदीर पाठवते? आणि हे पोटची पोर मानते?

महाराज नियम सांगू लागले. "अंधार पडायच्या आत सांडलेला दाणा झाडायचा. खाद्य झाकणाच्या डब्यात. बिळं बुजवायची, फटींना बारीक जाळी. एक जरी नियम मोडला, तर दोरीचं तेज गेलं!"

म्हातारा चमकला. रोज संध्याकाळी बायको हेच तर करायची. गल्लीला सांगून थकली होती, तेव्हा गल्लीतल्या बायका तिला हसायच्या. ती गेली आणि डबा उघडा राहिला. त्याला हात लावायचा धीर म्हाताऱ्याला झाला नव्हता.

"बांधा दोरी," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने कोंबड्या न्हाणीघरात कोंडल्या. न्हाणीघर झाडलं, मोरीला बारीक जाळी ठोकली, खाद्य डब्यात घालून झाकण लावलं. दोरी बांधलेल्या खुराड्यात मात्र मूठभर दाणे मुद्दाम पसरले.

सकाळी गल्ली गोळा झाली, महाराजही आले. न्हाणीघरात कोंबड्या सुखरूप. खुराड्यातला दाणा फस्त, लेंड्याच लेंड्या. दोरीही अर्धी कुरतडलेली.

"नियम मोडलास!" महाराज ओरडले. "दाणा ठेवलास!"

"हो, ठेवला. आणि न्हाणीघरात नियम पाळले, तिथे तुमची दोरी नव्हती. मग उंदीर कोण पळवतं महाराज, दोरी की झाडू?"

महाराजांनी झोळी उचलली. "नास्तिकाच्या दारात तेज टिकत नाही." पाय मात्र भराभर उचलले.

लेक पुढे आली. तिने विळ्याने खुराड्याची दोरी कापली, आईचा डबा पुसला आणि झाकण घट्ट बसवलं.

"पटलं हो भावजी," शेजारीण म्हणाली. "पण आमची दोरी राहू दे. असली तर असली, काय बिघडतं?"

"बिघडतं, वहिनी. त्या दोरीपायी काल तुम्ही एका मेलेल्या बाईला दोषी ठरवलंत. तिनं जन्मभर सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाही. तेच एका ठकाने सांगितलं तर हात जोडलेत."

शेजारीण खाली मान घालून गेली. दोरी तिने सोडली नाही.

म्हणून सांगणं एवढंच: घरात उंदीर आले तर ते कुणी पाठवले हे विचारू नका. ते काय खायला आले, ते बघा. आणि झाकण लावा.