माझ्या पोटात काय ओतताय?

मी मुरमाड माळ बोलतोय. औशाच्या अलीकडं, एका गावाच्या वरच्या अंगाला पडलेला. माझ्यावर कुसळांशिवाय काही उगवत नाही. सगळे मला बिनकामाचा म्हणायचे, अन् मलाही ते पटलं होतं.

उन्हाळ्यात लातूरहून मंजुश्री मॅडम आल्या. भूजलाचा अभ्यास करणाऱ्या. हातात उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला नकाशा. त्यात मी गडद निळा! शेरडं राखणाऱ्या नीलाबाई बघायला जवळ आल्या.

"मावशी, आभाळातून बघितलं की खडकातल्या भेगा अशा रेघांसारख्या दिसतात. त्या सगळ्या या माळाखाली येऊन मिळतात."

मॅडमनी माझ्यात लोखंडी कडं ठोकलं, त्यात घागरभर पाणी ओतलं. बघता बघता मी ते पिऊन टाकलं.

"तुमच्या विहिरींना अन् बोअरला येणारं पाणी इथूनच मुरतं."

नीलाबाईंचा चेहरा उतरला. "आगं माय! पल्याडच्या खड्ड्यात मैल्याचा टँकर रिता करायलेत की!"

टँकर येऊ लागून आठ दिवस झाले होते. जागा सरपंच अण्णारावांनीच दाखवली होती.  मला तोंड मिटता येत नाही. चांगलं-वाईट निवडता येत नाही. पडेल ते आत घ्यायचं, एवढंच मला येतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा नीलाबाई वाटेत बसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. चाक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. 

अण्णाराव धावत आले. "काकू, उठा. माळच तर हाय!"

"माळ न्हाई, तुझ्या घरचा हंडा हाय ह्यो. घाल आता त्यात मैला!" त्यांनी मॅडमनी दिलेला नकाशा पुढं धरला.

अण्णारावांचं बोट माझ्यापासून निघून रेघेवरून सरकत गेलं, ते थेट त्यांच्याच बोअरवर थांबलं.  मग ड्रायव्हरला म्हणाले, "ने गाडी माघारी."

खड्डा उपसला. पण जे खाली उतरलं, ते उतरलंच. अंधारात, भेगाभेगांतून ते सरकतंय. मला कळतं, पण अडवता येत नाही.

मॅडम दर महिन्याला गावच्या विहिरीचं पाणी तपासायला नेतात. दोनदा चांगलं निघालं, म्हणून गाव निर्धास्त झालं. तिसऱ्या बाटलीचा निकाल अजून यायचाय, अन् आज सकाळी नीलाबाईंनी त्याच विहिरीवर घागर भरली.

बाबांनो, निकाल येईस्तोवर ते पाणी पिऊ नका. कुणीतरी नीलाबाईंना जाऊन सांगा. मला चालता येत नाही.