पावणेदोनच्या वेगानं

योगिनीच्या हातून तिसरा भाग गेला तो समाधानच्या पाच ओळींमुळे. हे समाधानला ठाऊक होतं, योगिनीलाही होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सोपानरावांना.

समाधान मूळचा परतूरकडचा. राहायला चिखलीत, नोकरी महाळुंग्याला, रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत, फायनल इन्स्पेक्शनला. सील हातात घ्यायचं, दिव्याखाली फिरवायचं, चीर दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायचं. अकरा सेकंदांत एक. माल कुणाच्या मशीनचा, तो आपला की परका, हे त्यानं कधी पाहिलं नाही. कंपनीत त्याला 'लाल ट्रे' म्हणत, आणि हे नाव त्याला मनातून आवडायचं.

त्याचा दुसरा नाद ऐकण्याचा. कंपनीच्या बसमध्ये चिखली ते गेट पन्नास मिनिटं तो कानात पुस्तकं ओतत बसे. तीही विज्ञानाची नाहीतर जादूची. संसाराच्या दुःखाची पुस्तकं त्याला नको असत, ती घरी फुकट मिळत होती. ऐकून झालं की ॲपवर मत लिहायचं. खाली सही: चिखलीचा कान.

*मंगळावरची पाणीपट्टी.* दोन तारे.
लेखकानं मंगळावर चार हजार माणसं नेली. दोन हजार शास्त्रज्ञ, दोन हजार सैनिक. झाडूवाला एक नाही. अकरा तास ऐकलं, संडास एकदाही तुंबला नाही.

*सप्तखड्गाचा वारस.* एक तारा.
गुराखी शेवटी राजाचा मुलगा निघतो. चौथ्या प्रकरणातच ओळखलं होतं. आमच्या लाइनवर नऊ-नऊ वर्षं ठेक्यावर असलेली माणसं आहेत. अजून एकही राजाचा निघालेला नाही.

*लोखंडी मनांचा उठाव.* तीन तारे.
यंत्रमानव रागावतात आणि माणसांना कोंडून घालतात. आमच्याकडचा यंत्रमानव दर मंगळवारी बंद पडतो आणि इंजिनिअर येईपर्यंत मान खाली घालून उभा राहतो. त्याला राग येत असेल तर त्याच्यासारखा सोशिक दुसरा नाही.

लोकांना ही मतं आवडत. शेकडो माणसं खाली 'उपयुक्त'चं बटण दाबत, आणि ॲपवाले त्याचं मत सगळ्यांत वर टांगून ठेवत. समाधानला यातून काही मिळत नव्हतं. पण महाळुंग्याच्या त्या शेडबाहेर कुठंतरी आपला शब्द चालतो, एवढं त्याला पुरत होतं.

बस चालवायचे सोपानराव. चऱ्होलीचे जुने शेतकरी. निम्मं रान बिल्डरांना गेलं, उरलेल्या निम्म्यावर सगळ्या बाजूंनी इमारतींची सावली पडते. एके सकाळी आरशातून त्यांनी विचारलं,

"काय ऐकत आस्तो रं भावा रोज? किर्तन?"

"राक्षसांची पुस्तकं, काका."

"आन् मंग आमची योगिनी काय करती? ती राक्षसाचंच तर वाचती."

मोशी येईपर्यंत सगळी हकिकत कळली. *काजळद्वीपाचे राखणदार* हे पुस्तक, त्याचे तीन भाग, एकेक भाग एकवीस तासांचा. पहिले दोन सोपानरावांच्या लेकीनं वाचले होते. घराच्या चारही बाजूंना बांधकामं, दिवसभर मिक्सर आणि ड्रिल. दुपारी एक ते दोन मजूर जेवायला बसले की ती तेवढा तास गोधड्या लावलेल्या कपाटात शिरायची आणि वाचून रेकॉर्ड करायची.

"दुसरा भाग लोकास्नी पटला तर तिसरा बी तिलाच देणार हायेत," सोपानराव म्हणाले. "तुजा सबुद चालतो म्हणं तिथं, मागं बसतो त्यो कुलदीप सांगत हुता. लिव्ह की दोन वळी."

"मी खरं लिहितो, काका."

"मंग मी काय खोटं लिव्ह म्हणतोय?"

समाधाननं ऐकायला घेतलं.

आता त्याच्या ऐकण्याची रीत सांगायला हवी. पुस्तकातलं एक प्रकरण साधारण दीड तासाचं, आणि बसचा रस्ता पन्नास मिनिटांचा. गेटवर मोबाइल लॉकरमध्ये जमा करावा लागतो. राक्षस मेला की जगला हे कळायच्या आत लॉकर बंद झालं, तर आठ तास डोकं बसमध्येच राहतं आणि चिरलेली सील हातातून निसटतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं ॲपमध्ये ऐकण्याचा वेग पावणेदोनपट केला. दीड तासाचं प्रकरण बरोबर गेटच्या वळणावर संपायला लागलं. पहिले चार दिवस कानांना खटकलं, मग सवय झाली, मग तो ते विसरून गेला. तेव्हापासून ऐकलेलं प्रत्येक पुस्तक त्यानं त्याच वेगानं ऐकलं होतं.

*काजळद्वीपाचे राखणदार, भाग दुसरा.* दोन तारे.
पुस्तक बरं आहे, वाचणारी नाही. ही बाई कुठं थांबतच नाही. म्हातारा राखणदार मरतो तिथंही श्वास घेत नाही, जशी काही हिची बस चुकणार आहे. दुःखाला जागा लागते, ती हिनं ठेवलेली नाही. तिसऱ्या भागाला दुसरा आवाज शोधावा.

बटण दाबताना त्याला थोडं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. ओळखीचा माल होता, तरी पास केला नाही.

"लिव्हलंस का?" सोपानरावांनी विचारलं.

"लिहिलं काका. जसं वाटलं तसं."

काय लिहिलं हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी आणली. नंतर दर दोन दिवसांनी शेंगा येत राहिल्या. इंजिनाशेजारची पुढची जागा त्याच्यासाठी राखीव झाली. चौथ्या जुडीला बायको म्हणाली, "या काकांचं तुम्ही नक्की काय भलं केलंय?" समाधाननं शेंगा सोलायला घेतल्या.

महिनाभरानं एका सकाळी बस मोशीच्या सिग्नलला थांबली. सोपानराव गिअर काढून म्हणाले,

"गेला तिसरा भाग. मशीन वाचणार हाय म्हणं."

"मशीन?"

"करिष्मा म्हणून बाई हाय तिथली, तिचा फोन आल्ता. एका माणसानं वाईट लिव्हलंय, आन् पाचशे लोकांनी त्याच्या खाली व्हय म्हटलंय. कोण चिखलीचा कान हाय. तुज्याच तिकडला. वळखतोस का?"

"चिखली लई मोठी आहे, काका."

"व्हय, ते बी हायेच." सिग्नल सुटला. "तू चांगलं लिव्हलं, त्यानं वाईट लिव्हलं. त्याचं जास्ती चाललं. तुजा काय दोष न्हाई त्यात."

मागून कुलदीप ओरडला. तो याच कंपनीत फोर्कलिफ्टवर. समाधान मतं लिहितो एवढंच त्याला ठाऊक, सही कुठली ते नाही. "काका, लावा की बसमधी. आमी बी ऐकतो. कान कुणाचा फुटलाय ते कळंल तरी."

सोपानरावांनी आपला फोन स्पीकरला जोडला. त्यांना त्यातली बटणं कळत नव्हती. लेकीनं लावून दिलं होतं तसंच तिथून सुरू झालं, म्हातारा राखणदार मरतो ते प्रकरण.

समाधानला आधी वाटलं, ही दुसरीच कुणी आहे. आवाज खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत, भाकरी थापता थापता कुणी बोलावं तसा. म्हाताऱ्यानं दिवा खाली ठेवला. आवाज थांबला. बसच्या इंजिनाची घरघर तेवढी राहिली. मग एक श्वास, ऐकू येईल न येईल असा, आणि मग पुढचं वाक्य.

टोपी तोंडावर ओढून झोपणारी माणसं टोप्या वर करून बसली. कुलदीपनं मळलेली तंबाखू हातातच राहिली. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती, पण त्या दिवशी कुणी कुणाच्या आयाबहिणी काढल्या नाहीत.

"राव," कुलदीप हळू आवाजात म्हणाला, "त्या कानात मळ हाय."

समाधाननं स्वतःचा फोन काढला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता. १.७५. तीन वर्षं तिथंच होता.

त्या दिवशी त्याच्या लाल ट्रेमध्ये एकही सील पडलं नाही. सुपरवायझर येऊन विचारून गेला, आज माल एवढा चांगला कसा?

दुरुस्ती, पहिली.
*पाच तारे. माझ्याकडून चूक झाली. वाचन उत्तम आहे.*
पाठवली नाही. उत्तम आहे हे त्यानं दुसऱ्यांच्या तोंडावर पाहिलं होतं, स्वतःच्या कानांनी अजून पुरतं ऐकलं नव्हतं.

दुरुस्ती, दुसरी.
कोरीच राहिली. परतीच्या बसमध्ये त्यानं वेग एकवर आणला आणि पहिल्यापासून ऐकायला घेतलं. चार मिनिटांनी पाय हलायला लागले. आठव्या मिनिटाला तो वाक्य संपायची वाट बघत होता. दहाव्याला खिडकीबाहेरचे बोर्ड वाचू लागला. बसमध्ये सगळ्यांबरोबर ऐकताना जे लागलं होतं, ते एकट्याच्या कानात लागेना. आपल्याला ऐकताच येत नाही, हे त्याला कुरुळीच्या अलीकडे कळलं.

दुरुस्ती, तिसरी.
*मी हे पुस्तक पावणेदोनच्या वेगानं ऐकलं होतं. वाचणारीनं जागा ठेवलेली आहे. ती मी खाल्ली. माझं आधीचं मत कुणी धरू नये.*
ही पाठवली. अकरा माणसांना उपयुक्त वाटली. जुनं मत तो पुसायला गेला, तर ॲप म्हणालं, हे मत 'निवडक' झालेलं आहे, पुसता येणार नाही.

मग त्यानं ॲपवाल्यांना फोन लावला. फिरत फिरत तो करिष्मापर्यंत गेला.

"तुम्ही चिखलीचा कान? अय्या, खरंच? सर, आमच्या ऑफिसमध्ये तुमची मतं मोठ्यानं वाचतात."

समाधाननं वेगाची गोष्ट सांगितली.

"सर, एक सांगू? आमचे निम्म्याहून जास्त श्रोते दीडच्या वरच ऐकतात. त्या वेगाला माणसाचा आवाज पळतो, श्वास तुटतात. मशीनला तसं होत नाही. तुमचं मत काही अपवाद नव्हतं. तुम्ही फक्त नीट शब्दांत लिहिलंत."

"मग एवढी पुस्तकं तरी कशाला वाचून घेता? सारांशच द्या."

"तेही येतंय सर, दिवाळीपर्यंत."

फोन ठेवायला त्याचं बोट बटणावर गेलं, तेवढ्यात तीच पुढं बोलली.

"तिसरा भाग तयार झाला की आधी तुम्हाला पाठवू का? तुमच्या मताची आम्हाला फार गरज आहे."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. दुपारी एकच्या सुमाराला समाधान चऱ्होलीला पोचला. चौदा-चौदा मजल्यांच्या मधोमध पत्र्याचं बैठं घर, दारात शेवगा. समोरच्या इमारतीचे मजूर सिमेंटच्या पोत्यांवर डबे उघडून बसले होते. ओट्यावर गोधड्या उन्हात टाकलेल्या होत्या. योगिनी त्या उलटत होती. तिशीची असेल. बारीक चणीची, केस वर बांधलेले.

"बाबा रानात गेलेत. येतील इतक्यात," ती म्हणाली. "बसा. कपाट आईला परत पाहिजे, धान्य ठेवायला. म्हणून हे सगळं बाहेर काढलंय."

"मी समाधान. चिखलीचा..."

"कान. माहीत आहे."

त्याला बसावं की उभं राहावं कळेना.

"बाबा आठ दिवस सांगत होते, समाधानभाऊ लिहिणार, समाधानभाऊ लिहिणार. त्या आठवड्यात चिखलीतून एकच मत आलं."

"काकांना तुम्ही..."

"नाही सांगितलं."

त्यानं वेगाची गोष्ट तिलाही सांगितली, अकरा सेकंदांचं काम, गेटवरचं लॉकर, पावणेदोनचा आकडा, सगळं. ऐकताना ती हातातली गोधडी झटकायची थांबली.

"म्हणजे माझे एकवीस तास तुम्ही बारा तासांत उरकलेत," ती म्हणाली. "म्हातारा मरतो ना, तिथं थांबायचं किती, हे ठरवायला मला सात दिवस लागले. कधी ड्रिल लवकर सुरू व्हायचं, कधी कुत्रं भुंकायचं. दोन दिवस तर मीच रडत होते. अडीच सेकंद ठेवले शेवटी. तुम्हाला किती मिळाले असतील?"

समाधानला आकडा येत होता. त्यानं सांगितला नाही.

"मी काकांना खरं सांगून टाकतो," तो म्हणाला.

"का? तुम्हाला बरं वाटावं म्हणून? त्या बसमध्ये तेवीस वर्षं लोक त्यांच्या पाठीमागं झोपा काढतायत. तुम्ही एकटे बोलता त्यांच्याशी. तुम्हाला खरं लिहायचं होतं, लिहून झालं. आता गप बसा."

तेवढ्यात सोपानराव आले. डोक्याला टॉवेल, हातात विळा.

"आरं, समाधानभाऊ! पोरी, च्या टाकलास का न्हाई?" समोर बसून त्यांनी तोंड पुसलं. मग काहीतरी सुचल्यासारखे म्हणाले, "आगं, ह्यानं लिव्हलं हुतं तुज्यावर. ते वाईटवाल्याच्या गडबडीत ह्येचं ऱ्हाऊनच गेलं बघ. वाच की. मला ती बारीक अक्षरं दिसत न्हाईत."

"काका, राहू द्या," समाधान म्हणाला.

"लाजतो कशाला? वाच गं."

योगिनीनं ओट्यावरचा फोन उचलला. काहीतरी शोधल्यासारखं बोट फिरवलं. पडद्यावर काय होतं ते समाधानला बसल्या जागेवरून दिसत होतं. हवामानाचा अंदाज होता.

"काजळद्वीपाचे राखणदार, भाग दुसरा," तिनं वाचलं. "पाच तारे."

थांबली.

"ही बाई म्हाताऱ्याला सावकाश मरू देते. कुठं घाई करत नाही. मी दिवसभर अकरा सेकंदांच्या हिशेबात काम करतो. हिच्या आवाजात मला पहिल्यांदा अकरा सेकंद मोठे वाटले." पुन्हा थांबली. मागं एक मजूर डबा धूत होता, त्याचं पाणी पडल्याचा आवाज आला. "दुःखाला जागा लागते. ती हिला ठेवता येते. तिसरा भाग हिनं वाचला नाही, तर मी ऐकणार नाही."

समाधानचा पाय हलला नाही. समोरच्या इमारतींवर बिल्डरांचे बोर्ड होते, तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही. प्रत्येक वाक्य संपून ते खाली टेकेपर्यंत तो थांबला. 'दुःखाला जागा लागते' एवढं सोडलं तर त्यातला एक शब्द त्याचा नव्हता, आणि एकही लाल ट्रेमध्ये टाकण्यासारखा नव्हता.

सोपानरावांनी टॉवेलनं डोळे टिपले. "बरूबर लिव्हलंस भावा. आसं पायजे. आजून एकदा वाच गं."

तिनं पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, त्याच वेगानं. या खेपेला शेवटी तिनं लिहिणाऱ्याचं नावही घेतलं, समाधान, राहणार चिखली, आणि त्याच्याकडे बघत थांबली.