टाकीला लावलेलं कुलूप

केशोरावांची काळी मोटार दसऱ्यापासून जास्त पेट्रोल पिऊ लागली, आणि त्यात दोष कुणाचा हे ठरवायला केशोरावांना एक विडा चघळण्याइतकाही वेळ लागला नाही. मोटारीला काही विचारता येत नाही, पेट्रोललाही नाही. मग उरला कोण? ड्रायव्हर!

सेवकराम पाच वर्षांपासून ती मोटार चालवत होता. मालगुजारी, गावची जमीनदारी, गेली तरी केशोरावांचा रुबाब गेला नव्हता, आणि अख्ख्या अर्जुनी मोरगावात तेव्हा घरची मोटार म्हणाल तर ही एकच. पेट्रोल गोंदियाहून आगगाडीनं डब्यांत भरून यायचं. एका डब्यात नवेगाव बांधच्या सहा खेपा ठरलेल्या. आता चौथ्या खेपेलाच मोटार मान टाकायची.

"सेवक्या, पेट्रोल कोनाले इकून राहिला बे?" केशोरावांनी ओसरीवर चार माणसांदेखत विचारलं.

"इकत नाही जी, मालक. गाडीच जास्त पिऊन राहिली."

"गाडी पेते? मंग तिले झिंग काऊन नाही येत?"

चारही माणसं हसली. मालकांच्या विनोदाला हसायचं, एवढ्यासाठीच ती रोज ओसरीवर यायची.

"उद्या टाकीले कुलूप लावतो," केशोराव म्हणाले. "हा डबा सहा खेपा पुरला नाही, तं तू आपल्या घरी."

सेवकरामनं मनाशी हिशोब मांडला. दुसरी मोटार गावात नव्हती, आणि चोर म्हणून हाकललेल्या माणसाच्या हाती बैलगाडी तरी कोण देणार?

त्याच दुपारी मालक घोरू लागले तसा तो मोटारीच्या मागे लागला. टाकीखाली कागद अंथरून बघितला. थेंबाचाही डाग नाही. जॅक लावून चारही चाकं फिरवली. एकही अडकत नव्हतं. टायरांत हवा ठीक. मग त्यानं प्लग काढले, तर ते चुलीतल्या लाकडासारखे काळे! म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं आणि हवा कमी. सेवकराम तिथंच उकिडवा बसला. असं तर फक्त चोक ओढलेला असला की होतं. सकाळी इंजिन थंड असताना चोकची मूठ बाहेर ओढायची, ते तापलं की आत ढकलायची. आणि मूठ तर तो रोज आत ढकलत होता.

त्यानं पुन्हा ढकलून बघितली. मूठ आत गेली आणि बोटभर अलीकडे थांबली. थांबणारच! दसऱ्याला सावित्रीबाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, मोटारीची पूजा केली होती. चाकांना हळदकुंकू, पुढे नारळ, आणि मालकांच्या जिवाला काही होऊ नये म्हणून मंतरलेली सुपारी लाल फडक्यात गुंडाळून याच मुठीच्या मागे, दोऱ्याचे सात वेढे देऊन बांधली होती. वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. सेवकराम रोज सकाळी त्या सुपारीला नमस्कार करायचा. ज्या सुपारीनं त्याला चोर ठरवलं, तिलाच!

दोरा कापायची त्याची छाती नव्हती. मोटारीच्या पाया पडून त्यानं वेढे मुठीवरून अलगद सरकवले आणि सुपारी स्टिअरिंगच्या दांड्याला जशीच्या तशी बांधली. मूठ आत गेली, पार शेवटपर्यंत. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी टाकीला पितळी कुलूप लागलं. किल्ली केशोरावांच्या करदोड्यात. डबा सहा खेपा पुरला आणि वर थोडं पेट्रोल उरलं.

केशोरावांनी पुन्हा त्याच चार माणसांना बोलावलं. "पाहा! कुलूप लागल्याबरोबर गाडीची तहान भागली. अक्कल पाहिजे!"

सेवकरामनं तोंड उघडलं. एवढ्यात दारातून सावित्रीबाई म्हणाल्या, "माह्या सुपारीनंच चोर दाखवला बाप्पा. कोनी तिले हात लावला असता, तं घरावर काय आलं असतं!"

त्यानं तोंड मिटलं.

"जाऊ द्या," केशोराव उदार होऊन म्हणाले. "कबूल नाही केलं, पन सुधरला. नोकरीवर राहू द्या त्याले."

नोकरी वाचली. आता बाजारात लोक त्याला 'सुधारलेला' म्हणून ओळखू लागले, आणि ते ऐकून त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची. निदान घरच्या माणसाला तरी खरं कळावं म्हणून त्यानं बायकोला, शामकलाला, चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं: प्लग, चोक, सात वेढे, लाल फडकं, सगळं.

शामकलानं भाकर तव्यावर करपू दिली, पण शेवटपर्यंत ऐकलं.

"सुपारी पेट्रोल पेते?" ती म्हणाली. "इतके दिवस इकलं, तं मले एक लुगडं नाही आनलं तुमी. कोनाले नेऊन देल्लं, थे सांगा."