विड्याच्या पानाआड

अंबाबाईंनी विड्याचं पान पोथीच्या ओळीवर आडवं ठेवलं आणि मंगलाचा हात त्यावर टेकवला.

"सरकव. एकेक अक्षर नव्हे, अख्खा शब्द उघडा पडू दे."

"न... ग... रा... त..."

"भाजी चिरतेस काय गे? तोंडातल्या तोंडात जोड आणि एका दमात सांग."

"जोडायला गेलं की पहिलं अक्षर विसरतं, आत्या."

"मग मागे जा. नगर काही पळून जात नाही."

आठ वर्षांच्या भाचीला बाराखडी येऊन सहा महिने झाले होते. मुलीला शाळेत कोण घालणार. आत्याच तिची शाळा. अंबाबाई स्वतः भावांच्या पाठीमागे बसून, वाळूत बोट फिरवत शिकलेल्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरांच्या जागी त्यांना मुंग्यांची रांग दिसे. पण शिकवण्याची एवढी घाई पोथीसाठी नव्हती.

फडताळात त्यांच्या एकुलत्या मुलाची, व्यंकोजीची, तीन कार्डं होती. तो नागपट्टणला रेल्वेच्या कचेरीत कारकून. पत्रं मामाच्या नावे लिहीत असे. मामा, म्हणजे मंगलाचा बाप रामलिंग, कार्ड वाचून बहिणीकडे न पाहता म्हणे, "शेषाद्रीराव दाखवतील वाचून."

शेजारचे शेषाद्रीराव तंजावरच्या राजवाड्यात लेखनिक होते. राज्य खालसा झाल्यापासून गल्लीतल्या बायकांची पत्रं वाचत. खणखणीत वाचत. फक्त शेवटच्या वाक्याआधी थांबत, ताकाचा घोट घेत आणि मग म्हणत, "आईच्या हातच्या आंबट वरणाची फार आठवण येते."

तिन्ही वेळा तिथेच घोट. त्या घोटाबरोबर म्हातारा एक वाक्य गिळतो, अशी अंबाबाईंची खात्री होती. कोणतं, तेही त्यांना ठाऊक होतं: आईस इकडे पाठवावे. रामलिंगची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. बहीणही गेली तर चूल कोण पेटवणार, पोरीची वेणी कोण घालणार? दोघांचं संगनमत, दुसरं काय! त्यांनी पेटीत दोन लुगडी घडी घालून ठेवली होती. मंगलाने ती पाहिली होती, पण विचारलं काही नव्हतं.

रामलिंग पेठेत गेल्यावर अंबाबाईंनी पोथी बांधून ठेवली आणि ताजं कार्ड तिच्यापुढे धरलं.

"बाळबोध अक्षर आहे. मीच गिरवून घेतलंय त्याच्याकडून. अगदी शेवटची ओळ वाच."

मंगलाने पान ठेवलं. अंबाबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"घ... र... घर. घर ल... हा... न. घर लहान आहे."

"शाब्बास. पुढे."

पान सरकलं.

"आ... ई... स. आईस. इ... क... डे. इकडे."

"थांबू नकोस गे."

"पा... ठ... वू. पाठवू..." पान आणखी बोटभर सरकलं. "न..."

मंगलाचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय. बाहेर एक बाई केळीची पानं विकत ओरडत गेली.

"काय आहे पुढे?"

आणि मंगला एका दमात, कुठेही न अडखळता म्हणाली, "आईच्या हातच्या आंबट वरणाची फार आठवण येते!"

अंबाबाईंच्या हाताखाली पान होतं तिथेच होतं. सरकलं नव्हतं.

त्यांनी हात उचलला नाही. हाताखालची चिमुकली बोटं घामाने ओली झाली होती.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"आलं हो तुला वाचायला," अंबाबाई म्हणाल्या. "एका दमात वाचलंस."

मंगलाने मान खाली घातली. अंबाबाई उठल्या, पेटी चाचपून दोन्ही लुगडी काढली आणि पुन्हा दांडीवर टाकली.

दारात काठी वाजली. शेषाद्रीराव आपल्या वेळेला आले होते.

"काय अंबाबाई, नवं कार्ड आलं नाही ना?"

"नाही. जुनंच वाचा पुन्हा."

"जुनं?" म्हातारा चाचरला. "त्यात काय वाचायचं?"

"बसा तर. आज ताक मोठ्या लोट्यात आणते. मध्ये घोट लागतो तुम्हाला."