नंबराआधीचं शून्य

नळदुर्गचे शंभुलिंगअप्पा ट्रक ड्रायव्हर. एकदा शब्द तोंडातून गेला की काळ्या दगडावरची रेघ. मुलगी सृष्टी ठरलेलं लग्न मोडून पुण्याला कॉम्प्युटर शिकायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "जा. म्या फोन करनार न्हाय." पोरगीही त्यांचीच. तिनंही केला नाही. दोन वर्षं दोघांनी हट्ट पोसला आणि गेल्या महिन्यात अप्पा हैदराबादच्या वाटेवर छातीत कळ येऊन गेले.

त्यांचा फोन फुटला होता. दुरुस्तीवाल्यानं त्यातले मेसेज काढून एका एक्सएमएल फाइलमध्ये दिले. चार हजार मेसेज, प्रत्येकाला नंबर, तारीख, मजकूर आणि गेला की अडकला याची खूण. निम्म्या तर रिचार्जच्या जाहिराती! अप्पांनी आपल्याला माफ केलं होतं का, एवढंच सृष्टीला त्यातून हवं होतं.

पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत अशी फाइल वाचायला ती याच फाइलवर शिकली. चार दिवस चुकाच चुका. पाचव्या दिवशी प्रोग्राम चालला. तिनं स्वतःचा नंबर शोधायला दिला. एकही मेसेज नाही. परत चालवला, तरी नाही. मोरीत जाऊन ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी ती अप्पांच्या ट्रकमालकाला हैदराबादला फोन लावत होती. आई सिताबाई शेजारून म्हणाली, "शून्य लाव की आधी. तुझे अप्पा कर्नाटकात शिरले की शून्याबिगर नंबरच लावीत नव्हते. फोनात समदे नंबर तसेच लिवलेत त्यांनी."

सृष्टीनं फोन ठेवला आणि प्रोग्राममध्ये आपल्या नंबराआधी शून्य घातलं.

एकतीस मेसेज. शून्य लावून फोन लागायचा, मेसेज मात्र जात नव्हता. एकतीसच्या एकतीस अडकलेले. फोन करणार नाही म्हणाले होते, मेसेजचं कुठं बोलले होते? बिचाऱ्यांनी शब्दही पाळला होता.

'जेवलीस का.' 'हुमनाबादला आहे.' 'परीक्षा कशी गेली.' शेवटचा, जाण्याच्या आदल्या संध्याकाळचा: 'तू उत्तर देत नाहीस. तुझा राग बरोबर आहे. मी हरलो. उद्या फोन करतो.'

ती ज्या माफीसाठी तडफडत होती, तीच अप्पा तिच्याकडे मागत गेले होते. तिनं आईला सगळे मेसेज वाचून दाखवले. सिताबाईनं पदरानं डोळे पुसले.

"येवढं लिवलं त्यांनी," ती म्हणाली, "मग एकदा तरी उत्तर द्यायचं न्हाय व्हय गं?"